सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर, वेळ आणि मार्ग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातले हवाई अंतर नेमके किती आहे?

सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १५,३४९ किलोमीटर आहे. मैलांत ते ९,५३७ भरते, तर वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत साधारण ८,२८८. न्यूयॉर्कला जाणारे काही प्रवासी शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क विमानतळावर उतरतात. तिथवरचे अंतर जेमतेम पाच किलोमीटरने कमी, म्हणजे १५,३४४ किलोमीटर आहे.

वेगवेगळ्या ठिकाणी यापेक्षा थोडे निराळे आकडे दिसतात आणि वाचक गोंधळतात. कोणी विमानतळांऐवजी शहरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर देतो. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरून हिशेब करतो, तर कोणी ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेतो. अशा कारणांनी पडणारा दहा-वीस किलोमीटरचा फरक विमानाच्या वेगाने दीड मिनिटाचाही नाही, त्यामुळे तो मनावर घेण्याचे कारण नाही. खरा फरक पडतो तो या आकड्यात आणि विमान प्रत्यक्षात जेवढे उडते त्या अंतरात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हे अंतर स्वतः काढून पाहता येते का?

एरवी दोन शहरांमधले अंतर काढायला त्रिकोणमितीची सूत्रे लागतात, पण ही जोडी त्या दृष्टीने मोठी सोयीची आहे. चांगी विमानतळ १०४ अंश पूर्व रेखावृत्ताजवळ आहे आणि केनेडी विमानतळ ७४ अंश पश्चिम रेखावृत्ताजवळ. दोन्हींची बेरीज १७८ अंश होते, म्हणजे ही दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. अशा वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सर्वांत जवळची वाट पूर्वेलाही नसते आणि पश्चिमेलाही नसते. ती सरळ उत्तर ध्रुवाकडून जाते.

चांगीचे अक्षांश सुमारे १.३६ अंश उत्तर आहेत, म्हणून तिथून ध्रुव ८८.६४ अंशांवर आहे. केनेडी विमानतळाचे अक्षांश ४०.६४ अंश उत्तर आहेत, म्हणून ध्रुवापासून तिथपर्यंत ४९.३६ अंश उतरावे लागते. दोन्ही मिळून बरोबर १३८ अंश होतात. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, आणि १३८ ला त्याने गुणले की १५,३४६ किलोमीटर हे उत्तर येते. कागदावर चार ओळींत केलेला हा हिशेब संगणकाने काढलेल्या आकड्यापासून तीन किलोमीटरच दूर आहे.

काटेकोरपणे पाहिले तर सर्वांत जवळची रेषा ध्रुवावरून नव्हे, तर ध्रुवापासून सुमारे २८० किलोमीटर बाजूने जाते, कारण रेखांशांतला फरक पूर्ण १८० अंशांचा नाही. ज्यांच्याकडे पृथ्वीगोल आहे त्यांनी या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो थायलंडच्या आसपासचा प्रदेश, चीन, मंगोलिया आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि कॅनडावरून न्यूयॉर्ककडे उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा सुचणारही नाही, कारण त्या नकाशात ध्रुवाजवळचा प्रदेश प्रमाणाबाहेर ताणलेला असतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात, आणि हवाई अंतराचे बहुतेक सगळे आकडे त्यावरूनच काढलेले असतात.

थेट विमानाने किती वेळ लागतो?

वेळापत्रकात साधारणपणे साडेअठरा ते एकोणीस तास दिलेले असतात. हा वेळ विमान गेटपासून हलते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला गेटशी थांबते तेव्हा संपतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा इमारतीपर्यंत येणे हे सगळे त्यात धरलेले असते. हवेतला वेळ यापेक्षा कमी असतो आणि तो रोज बदलतो.

सिंगापूर एअरलाइन्सने ११ ऑक्टोबर २०१८ रोजी चांगी ते नेवार्क ही सेवा नव्याने सुरू केली, तेव्हाचे पहिले उड्डाण सुमारे १८ तास २५ मिनिटांचे होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते १७ तास ५२ मिनिटांत पोहोचले. मार्ग तोच, विमान तेच, अंदाजही काही तास आधीच बांधलेला, आणि तरीही अर्ध्या तासाचा फरक पडला.

अंतराला वेगाने भागले तर सतराच तास येतात. मग उरलेला दीड-दोन तासांचा वेळ कुठे जातो?

हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या मार्गावर उडणारे एअरबस कंपनीचे ए-३५० जातीचे विमान आवाजाच्या ०.८५ पट वेगाने जाते आणि त्या उंचीवरच्या थंड हवेत हा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो. १५,३४९ ला ९०० ने भागले की १७ तास ३ मिनिटे येतात. त्यात चढण्याउतरण्याच्या वेळी कमी झालेल्या वेगामुळे आणि जमिनीवरच्या हालचालीमुळे अर्धा-पाऊण तास वाढतो.

बाकीचा वेळ मार्गात जातो. २०१८ साली ही सेवा जाहीर करताना कंपनीने प्रवासाचे अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ १८ तास ४५ मिनिटांपर्यंत सांगितली होती. बृहद्वृत्तावरच्या अंतरापेक्षा हे जवळजवळ साडेतेराशे किलोमीटरने जास्त आहे. म्हणून संगणकाने दिलेले किलोमीटर घेऊन त्यावरून प्रवासाचे तास काढणाऱ्याचा अंदाज या मार्गावर हमखास चुकतो. माझ्या मते प्रवाशाने किलोमीटरच्या आकड्याकडे कुतूहल म्हणून पाहावे आणि बेत आखताना वेळापत्रकातलाच वेळ धरावा.

जवळची वाट असताना विमान लांबच्या वाटेने का जाते?

मुख्य कारण वारा हे आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे प्रवाह असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि हिवाळ्यात तो कधी कधी ताशी ४०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असते; ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग आपोआप वाढतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, सरळ ध्रुवाकडच्या वाटेने १५,४०० किलोमीटर जायचे आहे आणि वाऱ्याची मदतही नाही व अडथळाही नाही. ताशी ९०० किलोमीटरने या वाटेला १७ तास ७ मिनिटे लागतील. आता प्रशांत महासागरावरून १६,५०० किलोमीटरची वाट घेतली आणि संपूर्ण वाटेवर मागून येणारा वारा सरासरी ताशी ६० किलोमीटरचा मिळाला, तर १७ तास ११ मिनिटे लागतील. म्हणजे अकराशे किलोमीटर जास्त जाऊनही चारच मिनिटे वाढली. वाऱ्याची सरासरी ताशी ८० किलोमीटर झाली तर हीच लांब वाट १६ तास ५० मिनिटांत संपते आणि जवळच्या वाटेला मागे टाकते. उलट तेवढ्याच वाटेवर समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा आला, तर १९ तास ३९ मिनिटे लागतील.

म्हणून विमान कंपन्यांचे मार्ग आखणारे लोक नकाशावर सर्वांत कमी अंतर शोधत बसत नाहीत. ते त्या दिवशीचा सर्वांत कमी वेळ आणि सर्वांत कमी इंधन शोधतात. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे ताजे अंदाज घेऊन संगणक अनेक वाटा तपासतो आणि त्यांतली एक निवडली जाते. सोमवारी आणि मंगळवारी एकाच क्रमांकाचे विमान वेगवेगळ्या वाटांनी गेले तर त्यात नवल काही नाही.

वाऱ्याखेरीज इतरही अडचणी असतात. काही देशांचे आकाश बंद असते, कुठे युद्ध चालू असते, कुठे ज्वालामुखीची राख असते, तर कुठे मोठे वादळ टाळायचे असते.

जाताना जास्त वेळ लागतो की येताना?

बहुतेक लांबच्या मार्गांवर याचे उत्तर सरळ असते: पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो आणि पश्चिमेकडे येताना जास्त. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान हा फरक सहज तासाभराचा असतो. सिंगापूर आणि न्यूयॉर्क या जोडीत मात्र मोठी गंमत आहे. दोन्ही शहरे पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना असल्यामुळे सिंगापूरहून न्यूयॉर्कला जातानाही पूर्वेकडे जाता येते आणि न्यूयॉर्कहून सिंगापूरला परततानाही पूर्वेकडेच जाता येते.

जाताना विमान सहसा ईशान्येकडे वळून जपानच्या बाजूने उत्तर प्रशांत महासागरात शिरते आणि उत्तर अमेरिकेवरून न्यूयॉर्कला उतरते. परतीच्या वेळी ते कधी कधी अटलांटिक महासागर ओलांडून युरोपवरून आणि मग आशियावरून सिंगापूरला येते. अशा प्रवाशाने जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण फेरा घातलेला असतो आणि दोन्ही वेळा वारा त्याच्या मागून असतो. परतीचे विमान नेहमी याच वाटेने येते असे नाही. वारा आणि आकाशाची उपलब्धता पाहून ते ध्रुवाच्या बाजूने किंवा प्रशांत महासागरावरूनही येते. या सगळ्यामुळे दोन्ही दिशांच्या वेळापत्रकांत एरवी दिसणारा मोठा फरक इथे दिसत नाही.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला नको का?

नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. धावत्या आगगाडीत उभ्या जागी वर उडी मारणारा माणूस पुन्हा त्याच जागी उतरतो, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. तोच प्रकार इथे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेशी संबंध येतो तो आडवळणाने: उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात त्यामागे पृथ्वीचे हे फिरणे हे एक कारण आहे.

दोन्ही शहरांच्या घड्याळांत किती फरक आहे?

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना सिंगापूरचे घड्याळ १२ तास पुढे असते आणि एरवी १३ तास पुढे असते. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. सिंगापूरमध्ये असा बदल होत नाही.

रेखांश पाहता सिंगापूरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या सात तासांनाही जरा कमीच पुढे असायला हवे होते, पण १९८२ पासून तिथे आठ तासांची वेळ पाळली जाते. त्यामुळे तिथे सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि नवख्या प्रवाशाला उजाडायला उशीर झाल्यासारखे वाटते.

मग पोहोचण्याची तारीख कशी काढायची?

सर्वांत सोपी रीत अशी की, संपूर्ण हिशेब निघण्याच्या शहराच्या घड्याळाने करावा आणि शेवटी एकदाच फरक लावावा. समजा, विमान सिंगापूरहून सोमवारी रात्री ११.३५ ला निघते आणि १८ तास ४५ मिनिटे घेते. सिंगापूरच्या घड्याळाने ते मंगळवारी संध्याकाळी ६.२० ला पोहोचेल. उन्हाळी वेळ असेल तर त्यातून १२ तास वजा करावेत, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मंगळवारची सकाळ ६.२० ही वेळ येते. हिवाळ्यात १३ तास वजा केले की पहाटेचे ५.२० होतात. जवळजवळ एकोणीस तासांचा प्रवास, पण दोन्ही ठिकाणची स्थानिक घड्याळे शेजारी ठेवली तर जेमतेम पावणेसात किंवा पावणेसहा तास गेलेले दिसतात.

परतीच्या वेळी हेच उलटे होते. न्यूयॉर्कहून सोमवारी सकाळी १०.३० ला निघालेले विमान साडेअठरा तासांनी, न्यूयॉर्कच्या घड्याळाने मंगळवारी पहाटे ५ ला, पोहोचते. त्यात १२ तास मिळवले की सिंगापूरमध्ये मंगळवार संध्याकाळचे ५ वाजतात. हिवाळ्यात संध्याकाळचे ६.

वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की नाही, याची चिंता प्रवाशाने करू नये. विमान प्रशांत महासागरावरून गेले तर ती रेषा लागते, युरोपवरून गेले तर लागत नाही. तरीही पोहोचण्याची तारीख दोन्ही वेळा तीच असते, कारण शहरांच्या घड्याळांतला फरक मार्गावर अवलंबून नसतो. तिकिटावर वेळेपुढे छापलेला अधिक एक हा आकडा पुढची तारीख दाखवतो. हॉटेलचे आरक्षण करताना किंवा पुढचे विमान ठरवताना तो पाहायचा राहून गेला तर नसती धावपळ होते.

या मार्गावर कोणते विमान उडते? कोणतेही मोठे विमान चालत नाही का?

सिंगापूर एअरलाइन्स या मार्गासाठी एअरबस ए-३५०-९०० या विमानाची खास लांब पल्ल्याची आवृत्ती वापरते. अशी सातच विमाने त्या कंपनीने घेतली. नेहमीच्या ए-३५०-९०० मध्ये सुमारे १ लाख ४१ हजार लिटर इंधन मावत असे; या आवृत्तीत जादा टाकी न बसवता इंधनव्यवस्थेत बदल करून ते १ लाख ६५ हजार लिटरपर्यंत नेले गेले आणि पल्ला सुमारे १८,००० किलोमीटर झाला.

अवघड काम इंधन मावण्याचे नसून ते वाहून नेण्याचे आहे. अठराव्या तासाला लागणारे इंधन पहिले सतरा तास नुसते वाहावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. ढोबळ हिशेब असा की, जास्तीच्या प्रत्येक टन इंधनापैकी तीन-चार टक्के भाग दर तासाला केवळ त्याचे वजन उचलण्यातच खर्च होतो. इतक्या लांबच्या प्रवासात हा खर्च साचत जाऊन डोईजड होतो. म्हणून माणसे आणि सामान यांचे वजन कमी ठेवावे लागते. या विमानांत १६१ आसने आहेत: ६७ बिझनेस वर्गाची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची. साधा इकॉनॉमी वर्ग त्यांत नाही. याच जातीच्या इतर विमानांत तीनशेच्या आसपास माणसे बसतात, हे लक्षात घेतले की थेट प्रवास महाग का पडतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

आधीचा प्रयत्न याच कारणाने थांबला होता. २००४ च्या जूनमध्ये याच कंपनीने चार इंजिनांच्या ए-३४०-५०० विमानाने सिंगापूर ते नेवार्क थेट सेवा सुरू केली. पुढे त्या विमानांत केवळ १०० बिझनेस वर्गाची आसने ठेवली गेली. पण चार इंजिनांची भूक मोठी होती आणि इंधन महागले होते; २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सेवा बंद झाली. दोन इंजिनांत तोच पल्ला गाठणारे विमान हाती येईपर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली. केनेडी विमानतळाची थेट सेवा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली.

इतक्या लांबच्या प्रवासात इंधन संपण्याची भीती असते का?

नसते. प्रवासाला लागणाऱ्या इंधनाखेरीज अंदाज चुकल्यास लागणारा राखीव साठा, दुसऱ्या विमानतळाकडे वळावे लागल्यास पुरेल एवढे इंधन आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा अखेरचा साठा नियमानेच बरोबर घ्यावा लागतो. वारा अंदाजापेक्षा फार प्रतिकूल निघाला, तर वैमानिक वाटेतल्या विमानतळावर उतरून इंधन भरतात. प्रवाशाला याचा त्रास होतो आणि दोन-तीन तास जातात, पण त्यात धोका नसतो.

विमान खरोखर उत्तर ध्रुवाजवळून जाते का?

कधी कधी जाते, पण नेहमी नाही. ध्रुवाकडच्या वाटेवर उतरण्यायोग्य विमानतळ थोडे आहेत आणि दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. ए-३५० ला ही मुदत ३७० मिनिटांपर्यंत मंजूर आहे, त्यामुळे विमानाच्या बाजूने अडचण फारशी उरलेली नाही. थंडीचा प्रश्न मात्र उरतो. जगभर वापरले जाणारे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते. बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते, म्हणून वैमानिक पंखांतल्या इंधनाचे तापमान पाहत राहतात आणि ते फार उतरले तर खालच्या थरात येतात किंवा वेग वाढवतात. सूर्यावर मोठी वादळे झाली की ध्रुवाजवळचा रेडिओ संपर्क बिघडतो, म्हणून अशा दिवशीही ती वाट टाळली जाते.

त्यातच २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने अनेक देशांच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि इतर काही कंपन्यांनी स्वतःहून ते टाळले. सैबेरिया हा ध्रुवाकडच्या जवळच्या वाटेचा मोठा भाग असल्यामुळे पूर्व आशिया आणि उत्तर अमेरिका किंवा युरोप यांच्यातले कित्येक मार्ग तेव्हापासून लांबले.

एक थांबा घेतला तर अंतर आणि वेळ किती वाढतो?

अंतर वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी वाढते. टोकियोच्या नारिता विमानतळावर थांबल्यास सिंगापूर ते टोकियो सुमारे ५,३६० आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत १०,८३० असे एकूण १६,२०० किलोमीटरच्या आसपास होतात. फ्रँकफर्टमार्गे एकूण अंतर साधारण १६,५०० आणि दुबईमार्गे १६,९०० किलोमीटर होते. टोकियो पूर्वेला, दुबई पश्चिमेला, तरी वाढ पाच ते दहा टक्क्यांचीच आहे. दोन ठिकाणे पृथ्वीवर जितकी समोरासमोर येतात, तितक्या त्यांच्यामधल्या सगळ्या वाटा जवळजवळ सारख्याच लांबीच्या होत जातात, त्यामुळे वळसा स्वस्तात पडतो.

वेळ मात्र चांगलाच वाढतो, कारण उतरणे, थांबणे आणि पुन्हा चढणे यांत तास जातात. फ्रँकफर्टमार्गे तेच विमान पुढे जाते तेव्हा एकूण २३ ते २४ तास धरावेत. विमान बदलायचे असेल तर मधल्या थांब्यानुसार हा वेळ २२ तासांपासून तीसच्या पुढेही जातो. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय करणे हे कंपनीचे काम ठरते. स्वतंत्र तिकिटे काढली तर ते आपल्या गळ्यात पडते, म्हणून अशा वेळी मध्ये भरपूर वेळ ठेवावा. थेट विमानाने वाचणारे चार-पाच तास जादा पैशांच्या तोलामोलाचे आहेत का, हे ज्याने त्याने ठरवावे. पायांना आराम हवा असणाऱ्यांना मी मधला थांबाच सुचवेन.

समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किलोमीटर दिसतो. विमान आवाजापेक्षा वेगाने जाते का?

नाही. पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. सुमारे अकरा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान हवेच्या तुलनेत ९०० ने जात आहे आणि हवा स्वतः २०० ने त्याच दिशेला सरकत आहे, म्हणून बेरीज १,१०० दिसते. उत्तर प्रशांत महासागरावर हा आकडा लक्ष ठेवून पाहण्यासारखा असतो: अर्ध्या-पाऊण तासात तो शंभरेक किलोमीटरने चढतो किंवा उतरतो आणि त्याबरोबर खालची पोहोचण्याची अंदाजे वेळही मिनिटामिनिटाने सरकत राहते.

विमान उशिरा निघाले तर तेवढेच उशिरा पोहोचते का?

अर्धा-पाऊण तासाचा उशीर बहुधा भरून निघतो, कारण वेळापत्रकात थोडी मोकळीक आधीच धरलेली असते. अधिक वेग घेऊन फार काही साधत नाही. वेग किंचित वाढवला तरी इंधनाचा खर्च बराच वाढतो आणि या मार्गावर इंधन काटकसरीनेच वापरावे लागते.

एकच वैमानिक अठरा तास विमान चालवतो का?

या मार्गावर चार वैमानिक असतात आणि ते पाळीपाळीने काम करतात. त्यांच्यासाठी आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी झोपण्याच्या वेगळ्या जागा असतात. २०१८ च्या पहिल्या उड्डाणात चार वैमानिकांखेरीज १३ कर्मचारी होते.

शरीरावर काय परिणाम होतो आणि कोणती काळजी घ्यावी?

दोन त्रास वेगळे समजून घ्यावेत. पहिला बराच वेळ बसून राहण्याचा. चार तासांहून लांबच्या कोणत्याही प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. निरोगी माणसासाठी ती मुळात फार कमी असते, पण ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनी दर तास-दोन तासांनी उठून फिरावे आणि पाणी पीत राहावे. ए-३५० मधल्या हवेचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या ठिकाणासारखा राखला जातो. जुन्या विमानांत तो २,४०० मीटरसारखा असे, त्यामुळे नव्या विमानांत थकवा थोडा कमी जाणवतो.

दुसरा त्रास जेट लॅगचा. बारा-तेरा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. यापेक्षा मोठा फरक शरीराच्या घड्याळाला अनुभवावा लागत नाही. दर दिवशी साधारण एका तासाने शरीर जुळवून घेते, हा ढोबळ नियम धरला तर पूर्ण सावरायला दहा-बारा दिवसही लागू शकतात. पोहोचल्यावर सकाळच्या उजेडात फिरणे, दुपारी फार वेळ न झोपणे आणि जेवणाच्या वेळा लगेच स्थानिक घड्याळाप्रमाणे करणे यांचा उपयोग होतो. तीन-चार दिवसांसाठीच जाणाऱ्यांनी शरीराचे घड्याळ बदलण्याच्या भानगडीत न पडता, महत्त्वाच्या भेटी आपल्याला तरतरी वाटते त्या वेळांना ठेवाव्यात.

याहून लांबचे नियमित थेट उड्डाण आहे का?

दोन विमानतळांमधल्या बृहद्वृत्तावरच्या अंतराने पाहिले तर प्रवाशांच्या नियमित थेट सेवांमध्ये सिंगापूर–केनेडी हा मार्ग २०२० पासून सर्वांत लांब म्हणून गणला जातो आणि पाच किलोमीटरने कमी असलेला नेवार्कचा मार्ग त्याच्या खालोखाल. तुलनेसाठी, ऑकलंड–दोहा सुमारे १४,५३५ आणि पर्थ–लंडन सुमारे १४,५०० किलोमीटर आहे. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने सिडनी–लंडन या सुमारे १७,००० किलोमीटरच्या थेट सेवेसाठी ए-३५०-१००० विमाने मागवली आहेत. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर २०,००० किलोमीटरच्या फार पुढे जाऊच शकत नाही.

पुढच्या काळात हा वेळ कमी होईल का?

लगेच होण्याची चिन्हे नाहीत. प्रवासी विमानांचा वेग गेल्या अर्ध्या शतकात जवळजवळ वाढलेला नाही. सुधारणा झाली ती इंधनाच्या खर्चात आणि पल्ल्यात. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे कॉन्कॉर्ड विमान २००३ मध्ये निवृत्त झाले, आणि त्याचा पल्लाही सात हजार किलोमीटरच्या थोडा पुढे होता. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायला त्याला वाटेत दोनदा तरी उतरून इंधन भरावे लागले असते. वेळ थोडाफार घटू शकतो तो वाऱ्याचे अंदाज अधिक अचूक झाल्यामुळे किंवा बंद असलेले आकाश पुन्हा खुले झाल्यामुळे. आणि तोही काही मिनिटांनी किंवा फार तर तासाभराने.